घाटातल्या देवीपुढचा आरसा

त्या दिवशी मी देवीकडे गेलो तो भक्तीने नव्हे, भीतीने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठा भाविक समजणार नाही.

मी दुधाचा पिकअप चालवतो. राजूरच्या वरच्या वाड्यांतून कॅन गोळा करायचे आणि सकाळी नऊच्या आत अकोले गावच्या दूध शीतकेंद्रावर पोचवायचे, हे माझं काम. वाटेत घाटातल्या एका वळणावर देवीचं लहानसं देऊळ आहे. आम्हा गाडीवाल्यांची तिथली रीत ठरलेली. थांबायचं नाही, दोनदा हॉर्न द्यायचा आणि चालत्या गाडीतच एक हात छातीला, मग कपाळाला लावायचा. त्या दिवशी मला उशीर झाला होता. डाव्या हातात मोबाईल, पलीकडून केंद्रावरचा माणूस कुठवर आलास म्हणून ओरडत होता. वळण आलं तसा मी हॉर्न दिला आणि सवयीने उजवा हात कपाळाला नेला. स्टिअरिंगवर फक्त डावं कोपर होतं. डोळेही मिटले असतील क्षणभर. तेवढ्यात डाव्या अंगाला दणका बसला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन कुणीतरी कडेने चाललं होतं, ते चारीत पडलं आणि गवत रस्ताभर पसरलं.

मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि काढला. धडक कशी बसली हे मला नीट आठवत नाही, पण तो पाय काढल्याचं लख्ख आठवतं. मागे बघावं म्हटलं तर डाव्या बाजूचा आरसाच जागेवर नव्हता. मग मी बघितलंच नाही.

केंद्रावर कॅन उतरवले. तिथे बोलणं चाललं होतं की घाटात एका म्हाताऱ्याला गाडीने उडवलं, जीपवाल्याने दवाखान्यात नेलाय, शुद्धीवर नाही. आजवर कधी पट्टा लावला नाही, कधी जास्त माल भरला, त्याचं चलान मोबाईलवर आलं की शिव्या घालून भरायचं. वाहतुकीचा नियम मोडणं म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत. मी पोलिसातून निवृत्त झालेल्या मामांना फोन लावला आणि आडून विचारलं, "मामा, एखाद्याच्या गाडीचा धक्का लागला आन तो थांबला न्हाई, तर?"

"एखाद्याच्या म्हंजी कोनाच्या?" मामा म्हणाले. मी नाव टाळलं. मग त्यांनीच ओळखलं. "हे बघ, हे चलान भरून मिटायचं न्हाई. धडक बसली तो एक गुन्हा. मानसाला तसंच टाकून पळालास, तिथनं परकरन लई वाढलं. आन त्यो गेला, तर तुरुंगच हाय. आत्ताच्या आत्ता ठाण्यात जा."

मी ठाण्यात गेलो नाही. नारळ घेतला आणि माघारी घाटात गेलो. देवीला म्हणायचं होतं, आई, एवढ्या वेळेला झाकून घे. दोन मुलं आहेत, घर या गाडीवर चालतं. काय लाज सोडली होती मी, माणूस दवाखान्यात आणि मी नारळ घेऊन उभा.

गाभाऱ्यात वाकलो आणि तसाच राहिलो. देवीच्या पायाशी माझा आरसा ठेवला होता. तडकलेला, वर हळदकुंकवाचं बोट. त्या तड्यांत माझंच तोंड दिसत होतं. देवळाची झाडलोट करणारी सखूबाई बाहेर पायरीवर बसली होती. मी कसंबसं विचारलं, हे काय म्हणून.

"गाडीवाल्याचा हाय," ती म्हणाली. "रस्त्यात पडलावता. येईल न्यायला, म्हून ठिवलाय."

"पळून गेला ना तो? कशाला येतोय?"

"आरं, भ्यालं आसंल. भ्यालेलं मानूस कुटं जातं? आईकडंच येतंय की."

तिथेच बसून मी रडलो, आणि म्हणालो, "आजी, माझाच हाय." ती उठली. आत गेली, आरसा पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "मग जा आता," एवढंच म्हणाली. नारळ मी तसाच ठेवून निघालो.

आरसा घेऊन मी स्वतः ठाण्यात हजर झालो. सगळं सांगितलं, मोबाईलसकट. गुन्हा नोंदला गेला, गाडी जमा झाली. चार दिवस तो म्हातारा शुद्धीवर आला नाही. देवीकडे मी स्वतःसाठी काही मागायचं बंद केलं. फक्त म्हणायचो, त्याला उठव, माझं काय करायचं ते तू कर.

तो उठला. धोंडूबाबा त्यांचं नाव. मी पाया पडायला गेलो तेव्हा त्यांच्या मोडलेल्या पायात सळई घातलेली होती. त्यांच्या घरचं दूध रोज माझ्याच गाडीत जायचं, हे मला तिथे कळलं. मी म्हणालो, "बाबा, हॉर्न दिला होता मी."

"आयकला की," बाबा म्हणाले. "पन त्या वळनावर हार्न देवीसाठी आस्तो. म्हून मी सरलो न्हाई."

खटला अजून चालू आहे. शिक्षा होईल ती भोगीन, मनाची तयारी झाली आहे असं म्हणतो, तरी तारीख जवळ आली की झोप उडते. मी लपायला गेलो होतो आणि आईने मला माझ्याच स्वाधीन केलं, हे तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. गाडी सुटून आली, तेव्हापासून त्या वळणाआधी मी हॉर्न देतो, तो चालणाऱ्या माणसांसाठी. देवळापाशी गाडी बंद करतो, खाली उतरतो आणि दोन्ही हात जोडतो.