इस्त्री केलेली पानं

तीन वर्षांची असताना गोवरात डिम्फ्ना हेगार्टीचे डोळे गेले. डब्लिनच्या अंधशाळेत ती बोटांनी चाचपून वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी शिकली आणि परत आमच्या आयर्लंडमधल्या डोनेगॉलच्या किनाऱ्यावर येऊन, माझ्या शेजारी, एकटी राहिली. तिच्या कविता वर्तमानपत्रांत येत. पण गावची मुलं तिच्या कुंपणाच्या भिंतीवर बसत ती गोष्टींसाठी.

पुस्तकासाठी राखलेल्या, कुणालाच न सांगितलेल्या अकरा गोष्टी तिने जाड कागदावर टोचणीने ठिपका-ठिपका उमटवून लिहिल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. आणि वाचणारी तिची बोटं बधिर होत चालली होती.

"फिलो, मी वाचेन, तू उतरवून घे. नाताळ झाला की बसू," ती मला म्हणाली. "हात जायच्या आत पुस्तक निघू दे."

डिसेंबरात न्यूमोनिया होऊन ती इस्पितळात गेली. त्याच आठवड्यात वादळाने तिचं छप्पर उडालं. भिजलेला गठ्ठा मी घरी आणला आणि चुलीजवळ वाळत घातला. पानं वेडीवाकडी होऊ लागली. कॉन्व्हेंटमध्ये चर्चच्या वेदीवरच्या वस्त्रांना करायला शिकवलं होतं तशी, ओलसर असतानाच, दाबून, मी प्रत्येक पानाला इस्त्री केली. एकशे बेचाळीस पानं. रोजनिशीत लिहिलं, 'छान सपाट झाली.'

छप्पर दुरुस्त झालं आणि सहा जानेवारीला ती घरी आली. मी गठ्ठा तिच्या हातात दिला.

"अगं, कोरा गठ्ठा दिलास की मला!"

"कोरा कसला? तुझाच आहे. भिजला होता, इस्त्री करून ठेवला."

तिने पान उलटलं. आणखी एक. मग पान उचलून गालाला लावलं.

"नन्सनी शिकवलेली इस्त्री?"

"हो."

"मग कुठे काही राहिलं नसेल." ती हसली. मला तेव्हा कळलं, सुरकुत्यांबरोबर ठिपकेही सपाट झाले होते.

आठवून लिहायला आम्ही रोज बसलो. कविता तिला पाठ होत्या, पण गोष्टी एकदा कागदावर उतरल्या की ती डोक्यातून काढून टाकी, नव्यांना जागा व्हावी म्हणून. त्यात आजाराने खूप काही पुसलं गेलं होतं. तिसऱ्या गोष्टीत बाईचं रूप घेतलेली सील मादी समुद्रात परत का गेली, ते तिला आठवेना. रोज ती पानं गालाला लावून बघे. मार्चमध्ये तिने भिंतीकडे तोंड केलं.

"पुरे, फिलो. मीच लिहिलं नाही म्हणून सांग. तुला या गावात राहायचंय."

ईस्टरच्या आधी ती गेली. शवाजवळ रात्र जागवायला सगळं गाव जमलं होतं.

"बाई गुणाची, पण आळशी," शाळामास्तर म्हणाले. "जन्मभर नुसतं पुस्तक, पुस्तक. कुठाय ते?"

मी चहा वाढत होते. त्यांचा कप भरला आणि पुढे गेले.