चिंचेनं घासलेली तबकडी

जेवण अंगावर आलेलं आहे. कुंदा कारेकर माजघरातल्या चटईवर आडवी होते, पदर डोळ्यांवर ओढते आणि स्वतःला बजावते, झोपायचं नाही, नुसतं पडायचं. असं बजावणारं माणूस पाचव्या मिनिटाला घोरू लागतं, हे बासष्टाव्या वर्षी तिला चांगलं ठाऊक आहे. चार वाजता काझी सर यायचे आहेत. रत्नागिरीतल्या जुन्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल, आणि त्यांना आज उत्तर हवंय.

प्रश्न वाचनालयातल्या उभ्या घड्याळाचा आहे. माणसाहून उंच, ओकच्या लाकडाचं, अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात घडलेलं. कुणी गोरा न्यायाधीश मायदेशी जाताना ते मागे ठेवून गेला म्हणतात. आयुष्यभर त्याची देखभाल केली ती कुंदाच्या वडिलांनी. मोरेश्वर कारेकर, गावातले शेवटचे खरे घड्याळजी, घरात सगळ्यांचे भाऊ. गेल्या श्रावणात भाऊ गेले आणि महिन्याभरात घड्याळाचं वजन पेलणारी तात तुटली, शिशाचं वजन धाडकन पेटीच्या तळाशी आलं. समितीनं ठरवलंय, कारेकरांच्या घरातलं कुणी दुरुस्त करणार असेल तर उत्तमच, नाहीतर आतलं पितळ मोडीत द्यायचं आणि तबकडीमागे बॅटरीचं यंत्र बसवायचं. कारेकरांच्या घरात आता कुंदा एकटीच आहे. ती ‘बॅटरी बसवा’ म्हणणार आहे.

कारण त्या घड्याळाचं तोंड तिनंच बिघडवलंय. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तबकडी दुरुस्तीला घरी आलेली, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा म्हणून तिनं घरातलं सगळं पितळ चिंच आणि राखेनं लख्ख घासलं, आणि हौसेला मोल नाही म्हणतात तसं तबकडीवरचं आकड्यांचं कडंही घासून काढलं. ते काळवंडलेलं पितळ नव्हतं. पितळेवर चढवलेला चांदीचा पातळ मुलामा होता. कडं समईसारखं पिवळंधमक झालं. भाऊंनी पाहिलं आणि ‘झालं’ एवढंच म्हणाले. ओरडले असते, एक चापट मारली असती, तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून कामाच्या टेबलाशी त्यांनी तिला बसू दिलं नाही. पुढे त्यांची नजर अधू झाल्यावर दिवा धरायला तेवढं बोलवत. वीस वर्षं तिनं दिवा धरला, सगळं पाहिलं, आणि हात कशालाही लावला नाही.

पदराखालचा उजेड पातळ होत जातो. कुणीतरी ओटीवर चपला झटकतंय. ही झटकण्याची पद्धत एकाच माणसाची.

‘काय गो कुंदे, निजलीस?’

‘नुसती पडलेय, भाऊ.’

‘हां. मीपण.’

ते गेलेले आहेत हे तिला आठवतंय, पण तोंडावर कसं म्हणायचं? ती उठून त्यांच्या मागे चालू लागते. माजघर संपतं तिथं वाचनालय सुरू होतं. टेबलांवर वर्तमानपत्रं उघडी आहेत, वाचणारं कुणी नाही. उभ्या घड्याळाचं लांबट दार सताड उघडं आहे. भाऊ वाकून आत शिरतात, देवळाच्या गाभाऱ्यात शिरावं तसे, आणि तीही शिरते.

आत वजनं नाहीत, लंबक नाही. दगडी फरसबंदीचा एक गारठलेला बोळ आहे, आणि तरी वास मात्र परसात वाळत घातलेल्या कोकमांचा येतोय. बोळाच्या टोकाला कारखाना. कुणी चाकांचे दाते कानशीनं घासतोय, कुणी लंबकाची चकती तोलून बघतोय, एक सुतार पेटीला रंधा मारताना कुणाला तरी शिव्या देतोय. तबकडीवर कोरलेलं नाव कुंदाला लहानपणापासून पाठ आहे.

‘यातले टोबायस फेनविक कोण?’

‘तो काय, दारात गिऱ्हाइकाशी गप्पा मारतोय,’ भाऊ म्हणतात. ‘चाकं एकाची, पेटी दुसऱ्याची. त्याचं नाव तेवढं मोठं.’

कोपऱ्यात खिडकीखाली एक बाई बसलीय. डोक्याला फडकं, बाह्या वर सारलेल्या. तिच्यापुढे पितळेचं कडं आहे, कोरं, पिवळं. वाटीतला पांढरा लगदा ओल्या अंगठ्यावर घेऊन ती कड्यावर घासतेय, आणि अंगठा फिरतो तिथं पिवळं पितळ पांढरं होतंय. कुंदा पाहतच राहते.

‘काय आहे ते?’

‘चांदीचा क्षार, मीठ आणि आंबट.’

‘आंबट?’

‘चिंचेत असतं तेच गो. यांच्याकडे द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत साचतं.’

कुंदाला सत्तेचाळीस वर्षं आठवतात. तिला रडूही येतं आणि रागही येतो, आणि राग आधी बाहेर पडतो.

‘मग तुम्ही का नाही चढवलंत पुन्हा? रोज वाचनालयावरून जाताना मी मान खाली घालत होते, भाऊ!’

भाऊ खिडकीबाहेर बघतात. बाहेर मांडवी बंदरावरच्या होड्या दिसतायत, पण पाणी नाही.

‘मला येत नव्हतं,’ ते म्हणतात.

‘काय?’

‘चाकं येत होती, तात ओवणं येत होतं. हे येत नव्हतं. सगळा गाव मला मोठा घड्याळजी म्हणायचा. तू शेजारी बसली असतीस तर एक दिवस विचारलं असतंस, भाऊ, हे नीट कसं करायचं? म्हणून तुला बसूच दिलं नाही.’

‘मला वाटलं, तुम्ही रागावलात.’

‘वाटू दिलं मी.’

‘तेवढं म्हणायला काय झालं होतं?’

‘म्हणतोय ना आता.’

‘मेल्यावर!’

‘उशीर झाला खरा,’ भाऊ कबूल करतात. मग जरा उत्साहानं सांगतात, ‘इथं आल्यावर शिकलो. या बाईनं शिकवलंन. चार वेळा चुकलो, हसलीदेखील मला.’

बाई बाजूला सरकते आणि बाकावर जागा करते. कुंदा बसते. खिडकी आता नाही, कारखाना अंधारून आलाय. भाऊ दिवा उचलतात आणि तिच्या हातावर उजेड पडेल असा धरतात. उजेड जराही हलत नाही.

लगदा गार आणि खरखरीत आहे. ती अंगठा कड्यावर टेकवते.

‘जोर नको. समई नाही ती.’

ती हात हलका करते. आकड्याच्या कडेनं पांढरा डाग उमटतो, पसरतो, पुढच्या आकड्याला भिडतो. ती भाऊंना दाखवायला मान वळवते.

दाराची कडी वाजते.

चटईचे वळ गालावर घेऊन कुंदा उठून बसते. मागल्या दारी ऊन कलतंय. ती डोळ्यांना पदर लावते, तो ओला होतो, आणि दार उघडते.

‘झोपमोड केली का, कुंदाताई?’ काझी सर ओटीवर टेकतात.

‘छे, नुसती पडले होते.’

‘समितीला आज कळवायचंय. मग बॅटरीच ना?’

ती पाण्याचा तांब्या पुढे करते आणि तिथंच थांबते. उजव्या अंगठ्याच्या रेघारेघांत पांढुरकं काहीतरी भरलंय. ती पदरानं पुसते. ते जात नाही, उलट चमकतं.

‘अंगठ्याला काय लागलंय तुमच्या?’ काझी सर वाकून बघतात.

‘चांदी आहे,’ कुंदा म्हणते, आणि हात लपवत नाही. ‘समितीला कळवा, घड्याळ मी दुरुस्त करणार. तबकडीही काढून आणते. पण वेळ लागेल म्हणावं. ते काम मला अजून नीट येत नाही.’