धोंड्याचा जावई आणि माझा पैलवान

जिजाजींना हरवायचंच, हे मी ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी मनावर गावाहून पाहुणे मला पाहायला आले होते. मध्यस्थ म्हणून ताईचा नवरा, म्हणजे आमचे जिजाजी, ताईला घेऊन आदल्या दिवशीच देवासहून धारला आले होते. पोहे झाले, चहा झाला. मी बोलले, जशी बोलते तशी, सावकाश. आणि हे महाशय पाहुण्यांना काय सांगतात? "लडकी एक नंबर है भिया, बस मालगाडी है. कल व्हिडिओ गेम में सत्रह बार हारी मुझसे!"

सगळे हसले. माझे बाबासुद्धा हसले. स्थळ गेलं, त्याचं मला सुतक नव्हतं. पण तो शब्द मात्र घरातच मुक्कामाला राहिला. मालगाडी जेवायला बसली की दोन तास. मालगाडीला आधी उठवा, मग पोहोचेल ती शाळेत. मी धारच्याच एका शाळेत गणित शिकवते, पोरं मला घाबरतात, आणि घरी ही गत!

सतरा वेळा हरले होते हे खरं. आमच्याकडे पहिलं ताट जावयाचं, पंख्याखालची खुर्ची जावयाची, तसा त्या मारामारीच्या गेममधला प्लेयरही आधी जावई निवडणार. ते कायम तोंडाला फडकं बांधलेला काटकुळा घेत. विजेसारखा पळायचा मेला. "स्पीड ही सब कुछ है," असं सांगून मलाही तसलीच एखादी चपळ पोरगी घ्यायला लावत. माझी बोटं एकमेकांत अडकायची, तोवर माझी पोरगी आडवी.

ते देवासला परत गेले आणि मी कामाला लागले. रोज वह्या तपासून झाल्या की एक तास. तिरंदाज घेऊन पाहिला. त्याला सारखं लांब पळावं लागतं, आणि पळून जाणं मला जमत नाही. तलवारवालीला ओळीने आठ बटणं दाबावी लागतात, मी तिसऱ्यालाच विचार करत बसते. शेवटी कुणीच घेत नाही तो पैलवान घेतला. पोट सुटलेला, चालतो असा की आत्ताच तुपात बुडवलेले बाफले खाऊन उठलाय. पण मार किती खातो! आणि समोरच्याने एक चूक केली की धरून असा आपटतो की अर्धा जीव तिथेच जातो. मला पहिल्याच दिवशी कळलं, हा माझा. वाट पाहायची आणि विसरायचं नाही, एवढंच तर मला येतं. आई म्हणतेच, ही पोरगी डूख धरते. धरते! सहावीत माझी कंपासपेटी कुणी लपवली होती, ते मला अजून ठाऊक आहे.

मग जिजाजी कसे खेळतात ते आठवून पाहिलं. या माणसाला धीर म्हणून नाही. दोन वार केले की तिसऱ्याला उडी मारणारच, त्यात बदल नाही.

अधिक महिना आला. धोंड्याचं जेवण, जावई म्हणजे साक्षात नारायण. आईने दोघांची पूजा केली, दिवा लावून तेहतीस अनारशांचं तबक हातात दिलं. जेवणं झाली तशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आज हरवू नकोस गं त्यांना. रुसतील, आणि राग निघेल माझ्या पोरीवर. भाजीत मीठ कमी पडलं तरी तासतासभर बोलतात ते तिला."

मला माहीत होतं. ताईचं तोंड दरवेळी जरा जास्तच उतरलेलं दिसायचं. रिमोट हातात घेतला तेव्हा मी खरंच हरणार होते, देवाशपथ.

तेवढ्यात जिजाजी ढेकर देत म्हणाले, "देवासमध्ये एक स्थळ बघितलंय तुझ्यासाठी. त्यांना आधीच सांगून ठेवलंय, मालगाडी है, हॉर्न बजाना पडेगा."

बस्स! घेतला पैलवान.

"ये तो तेरा सगा भाई है!" ते खो खो हसले.

काटकुळ्याने एक वार केला, दुसरा केला. मी गप्प मार खाल्ला. तिसऱ्याला त्याने उडी मारली आणि मी हवेतच धरला. धाडकन! जिजाजी म्हणाले, "फिर से." पुन्हा धाडकन. मग रिमोट खराब झाला म्हणून माझा घेतला. मग माझा पैलवानच घेतला, आणि त्याला काटकुळ्यासारखा पळवत बसले. आई दारातून डोळे मोठे करत होती, मी तिकडे पाहिलंच नाही. अठरा वेळा आपटले जिजाजी. इतकं सुख मला नोकरी लागली तेव्हाही झालं नव्हतं.

"चलो, देर हो रही है," म्हणत ते चपला घालून बाहेर. ताई मागोमाग गेली. अनारशांचं तबक तसंच राहिलं. नारायण रुसला म्हणून आई डोळ्याला पदर लावून बसली.

चार दिवस ताईचा फोन नाही. सुख कधीच उतरलं होतं. माझा सूड झाला आणि किंमत ती मोजतेय, हे डोक्यातून जाईना. पाचव्या दिवशी तिचा फोन आला.

"खूप बोलले का गं तुला?" मी विचारलं.

"बोललेच नाहीत. गाडीत बसल्यापासून तोंड फुगलंय ते आजवर. एक अक्षर नाही."

"चुकलं माझं ताई. पुढच्या वेळी मी हरेन."

"खबरदार!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "सहा वर्षं झाली लग्नाला. चार दिवस झाले, माझी चूक कुणी काढली नाही. दसऱ्याला येतोय आम्ही. हरलीस तर याद राख."