सोकच्या गळ्यातला क्रूस

१९९२ च्या अखेरीस आमची इंजिनिअर कंपनी शांतिसेनेत कंबोडियाला गेली. मी नाईक होतो, घर इंदापूरला. सेक्शन कमांडर हवालदार कांबळे लासुर्ण्याचे. आमचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती, त्यांचं छप्पनपासून बौद्ध. मी संध्याकाळी बायबल वाचतो म्हणून ते मला 'फादर' म्हणत.

काम सुरुंग काढण्याचं. पहाटे फॉल-इन, उजाडताच रस्त्यावर. प्रॉडर म्हणजे एक बारीक पोलादी सळई. ती तिरकी जमिनीत खुपसत, पालथं पडून वीत-वीत पुढं सरकायचं. तपासलेल्या जमिनीला पांढरी फीत, बाकीला लाल. ऊन चढलं की काम बंद. स्थानिक लोकांशी राजकारण आणि धर्म बोलायचा नाही, अशी स्पष्ट ऑर्डर होती. मी उपदेश करत नव्हतो, मैत्री करत होतो. त्यामुळं ऑर्डर पाळतोय अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

सोक चाळिशीचा होता. कॅम्पमागच्या वस्तीत ताडाचा रस उतरवून कढईत आटवायचा आणि त्याचा गूळ करायचा. माझे वडील काटेवाडीला एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. मळी कधी काढायची आणि पाक कधी उतरवायचा, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पहिल्याच दिवशी मी सोकच्या हातातला झारा घेऊन फेस काढला. तो मोठ्यानं हसला आणि मला बसायला फळी दिली. सरहद्दीवरच्या निर्वासित छावणीत तो थोडं इंग्रजी शिकला होता. तेवढ्यावर आमचं भागायचं.

देवाचा विषय त्यानंच काढला. मी येशूबद्दल सांगायला लागलो. शत्रूला क्षमा करा, हे ऐकून त्यानं विचारलं, "सगळ्या शत्रूंना?"

त्याचे दोन भाऊ मागच्या राजवटीत मारले गेले होते. मी "हो" म्हणालो. त्यानं चुलीतला जाळ आत सारला.

"तुझा देव अवघड आहे," तो म्हणाला. "पण उद्या ये. पुढचं सांग."

जानेवारीत मी माझ्या गळ्यातला लाकडी क्रूस त्याला दिला. वाघाचा दात, मंतरलेल्या कापडाची पुरचुंडी असं बरंच काही त्याच्या गळ्यात आधीच होतं. क्रूस त्यानं त्याच दोऱ्यात ओवला. कांबळ्यांनी ते बघितलं.

"फादर, त्यो त्याला ताईत समजतोय."

"न्हाय दादा. त्याला कळतंय समदं."

"डोंबल कळतंय! आमच्या आज्यानं छप्पनसाली गंडंदोरं हिरीत फेकलं. हितं बगावं तर बुद्ध बी हाय अन् वाघाचा दात बी हाय. त्यात तुजं आनखी येक लाकूड. जा, नीट सांग त्याला."

"उद्या सांगतो."

सांगितलं नाही. माझ्या बोलण्यानं क्रूस घेतलेला तो आयुष्यातला पहिला माणूस होता. तो माझ्या हातून निसटू नये, असं मला वाटत होतं. एकदा क्रूस चिमटीत धरून त्यानं सरळ विचारलं, "हा सुरुंगापासून राखतो?"

मी म्हणालो, "तो सगळ्यांना राखतो."

रविवारच्या उपदेशात शोभेल असं उत्तर होतं. सुरुंग काढणाऱ्यानं ते द्यायला नको होतं.

वस्तीतले सर्वांत जास्त रस देणारे ताड लाल फितीच्या आत होते. ती जागा कधी मोकळी करणार, असं सोक रोज विचारायचा. आधी रस्ता, अशी ऑर्डर होती. फेब्रुवारीत एका सकाळी पावणेसातला आम्ही रस्त्यावर असताना धमाका ऐकू आला आणि लगेच कांबळ्यांच्या वायरलेस सेटवर कॅम्पवरून आवाज आला.

"अल्फा टू, अल्फा वन. लाल फितीच्या आत ब्लास्ट. सिव्हिलियन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"अल्फा वन, अल्फा टू. ताडाच्या रांगेत. लेन उघडतो. ओव्हर," कांबळे म्हणाले.

"घाई नको. ड्रिलप्रमाणे. आऊट."

लेन म्हणजे सळईनं तपासत काढलेली अरुंद वाट. पुढं मी, मागं कांबळे. सोक पहिल्या ताडाखाली पडला होता. माझ्या नावानं हाका मारत होता. आम्ही वीत-वीत सरकत होतो. मी गुडघ्यावर उठलो.

"खाली पड!" कांबळे ओरडले. "तू उडालास तर त्याला कोन काढंल?"

मी पुन्हा पालथा झालो. हाका कमी होत गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. त्याच्या गळ्यात एकटा क्रूस होता. बाकी काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला अग्नी दिला. भिक्खूंनी त्रिशरण सुरू केलं. उच्चार वेगळे होते, पण कांबळ्यांना शब्द ओळखू आले. ते हात जोडून सोबत म्हणू लागले. मी मनात आमची प्रार्थना सुरू केली, ती अर्ध्यावर थांबली.

मग सोकची बायको दुभाष्याला घेऊन माझ्याकडं आली. त्याच्या दोन मुली तिच्यामागं उभ्या होत्या.

दुभाषी म्हणाला, "ती सांगते, त्यानं बाकीचे ताईत काढून घरी ठेवले होते. तुमचा एकटा पुरेसा आहे म्हणाला. ताईताचे नियम असतात. नियम मोडला की ताईत काम करत नाही. त्यानं तुमचा कोणता नियम मोडला, ते तिला हवंय."

"कोणताच नाही," मी म्हणालो. "त्याची काही चूक नव्हती."

दुभाष्यानं ते सांगितलं. मग चूक कुणाची, हे ऐकायला ती थांबली होती. मी टोपी घातली आणि गाडीकडं गेलो.

कॅम्पात उतरल्यावर कांबळे म्हणाले, "अर्धंच बोललास, फादर."

"व्हय, दादा."

पुढच्याच आठवड्यात आमची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. तिची भेट पुन्हा झाली नाही.

माझा विश्वास गेलेला नाही. आजही कुणी विचारलं तर येशूबद्दल सांगतो. पण सुरुवात वेगळी करतो. ज्याला स्वतःला कुणी खिळ्यांपासून वाचवलं नाही, त्याची ही खूण आहे, हे आधी सांगतो. सोकला ते सांगितलं असतं, तर कदाचित त्यानं क्रूस परत दिला असता. मैत्री तरीही राहिली असती. कढईजवळची ती फळी त्यानं क्रूस घेण्याच्या कितीतरी आधी मला दिली होती.

सोक कुठल्याही फौजेत नव्हता. त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही, म्हणून इथं लिहितो. त्याच्या बायकोला सांगायचं राहिलेलं अर्धंही लिहितो. तो क्रूसाला ताईत समजतोय, हे मला माहीत होतं. मी गप्प राहिलो. बाई, चूक माझी होती.