मोजपट्टीचे सोमवारचे नकाशे

माझी आत्या स्वतःच्याच कॉलेजात हरवली आणि वॉचमनकाकांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं, अशी बातमी पसरली होती. मी त्याच कॉलेजात अकरावीला आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते: खोटं आहे. काकांनी तिचा हात धरला नव्हता, मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरलं होतं. आणि ती हरवली नव्हती; ग्रंथालयापासून कॅन्टीनपर्यंतचं अंतर पुटपुटत पाठमोरी चालत होती. एवढ्या वयाची बाई उलटी चालताना दिसली की लोकांना जे वाटायचं ते वाटतंच.

आत्या सव्वीस वर्षं नकाशाशास्त्र शिकवते. मुलं तिला मोजपट्टी म्हणतात. घरीही वेगळं काही नाही. बाबांनी विचारावं, "ताई, माझा चष्मा दिसला का गं?" की उत्तर येतं, "टेबलाचा ईशान्य कोपरा, काठापासून चार बोटं आत." सगळं नाकातून, शेवटचा शब्द ओढत. हा आवाज मला इतका जमतो की एकदा माझ्या सांगण्यावरून बाबा अर्धा तास नैऋत्येला मोजे शोधत होते.

यंदा तिचा विषय फक्त सात मुलांनी घेतला. प्राचार्यांनी बोलावणं धाडलं. त्यांना दर वाक्यानंतर पेनाचं टोपण लावायची सवय आहे.

"मॅडम, मुलं आहेत कुठे?" टक. "मोबाइलवर." टक. "मग आपण जायचं कुठे?"

"वर्गात," आत्या म्हणाली.

"मोबाइलवर, मॅडम! लाइक, कॉमेंट, एंगेजमेंट दिसली पाहिजे. पुढच्या महिनाअखेरीला वर्गात वीस डोकी नसली तर विषय बंद, आणि तुम्ही परीक्षा विभागात." टक.

परीक्षा विभागात म्हणजे निवृत्तीपर्यंत उत्तरपत्रिकांवर स्टिकर चिकटवायचे. आत्या घरी आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत बसली. ते सरळच होतं. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

मोबाइलवर तिच्या विषयाचं पेज मीच उघडून दिलं. पहिल्या आठवड्यात तिने नकाशाचं प्रमाण, उंचीच्या रेषा, दिशांच्या खुणा असं सगळं सुबक अक्षरात टाकलं. लाइक आले चार: मी, बाबा, ती स्वतः आणि कोणीतरी गादीवाला.

मग तो सोमवार उजाडला. तिने ट्रेसिंग पेपरवर कॉलेजचा नकाशा काढला. कागद पालथा पडला आणि हिने घाईघाईत पालथ्या बाजूवरच नावं घालून फोटो टाकला. आरशात बघावं तसं अख्खं कॉलेज उलटं झालं. दहा मिनिटांत साठ कॉमेंट!

"मॅडम, या नकाशाने चहाला निघालो, मुलींच्या बाथरूमशी पोचलो. आता सस्पेंड झालो तर?"

"मोजपट्टी वाकली रे!"

आत्या जेवली नाही. ताट सारून कॉमेंट वाचत राहिली. मग म्हणाली, "पेन्सिल दे." पाच मिनिटं रेघोट्या मारल्या.

"साठांतल्या चौतीस जणांनी दिशा बरोबर सांगितल्यात. वर्गात सातांतले तीन सांगतात."

"अगं, ते तुला हसतायत!"

"हसू देत. योग्य दिशेला तोंड करून हसतायत."

तेव्हापासून दर सोमवारी एक नकाशा, त्यात मुद्दाम एकच चूक. कधी जिना सरकलेला, कधी नळ भिंतीच्या पलीकडे. मुलं तुटून पडायची. एकदा खुद्द प्राचार्यांनी लिहिलं, "माझी खिडकी पूर्वेस आहे. दुरुस्ती करावी." चूक त्या दिवशी पार्किंगमध्ये होती. खाली लगेच आत्याचं उत्तर आलं, "सर, तुमच्या खिडकीत सूर्य शेवटचा कधी आला होता?"

पण वर्गात? आठ. आठवी मुलगी तिथला पंखा चांगला आहे म्हणून यायची.

मुदतीतला शेवटचा सोमवार आला. या वेळी नकाशा मोठा, पार मागच्या दाराच्या पायऱ्यांपर्यंत, आणि कॉमेंट बंद. खाली एकच ओळ: 'चूक सापडल्यास मोजमाप घेऊन शुक्रवारी अकराला खोली सतरामध्ये यावे.'

"कॉमेंटच बंद? मग कुत्रं तरी येईल का?" मी म्हणाले. "आणि चूक तर मीच काढते बघ. लाव पैज."

"हरलीस तर महिनाभर माझा आवाज काढायचा नाही."

"आणि तू हरलीस तर?"

"सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुझा काढीन."

आठवडाभर मुलं पावलं मोजत एकमेकांवर आदळत होती. वॉचमनकाका ओळखपत्र ठेवून घेतल्याशिवाय टेप देईनात. मला गुरुवारी सापडलं: मागच्या दाराला नकाशात सात पायऱ्या, प्रत्यक्षात सहा! तीनदा मोजल्या.

शुक्रवारी खोली सतरामध्ये एकतीस जण, आणि प्रत्येकाची चूक वेगळी.

"झाड दोन मीटर सरकलंय!"

"झाड नाही, तू सरकलास. पावलं बघ की, बदकाची!"

आत्या फक्त खडू पुढे करायची. "ये, फळ्यावर काढून दाखव." दोन तासांत मोबाइल निघाले ते गुणाकारापुरते. एकेक चूक फळ्यावर चढली आणि पुसली गेली. मी शेवटी उठले. "सातवी पायरी कुठाय?"

"मातीखाली. जा, उकरून बघ."

गेले. उकरली. होती.

"मग मॅडम, खरी चूक कुठाय?" मुलं ओरडली.

"नाहीच. बसा, हजेरी घेते."

दारात प्राचार्य उभे होते. आले होते डोकी मोजायला, पण हातात खिडकीच्या मापांची चिठ्ठी होती. आत्याने त्यांनाही बाक दाखवलं.

विषय वाचला. अहवालात प्राचार्यांनी लिहिलं, 'समाजमाध्यमाच्या प्रभावी वापरामुळे विद्यार्थ्यांचा सहभाग वाढला.' कॉमेंट बंद केल्यावर सगळे आले, एवढं लिहायला जागा पुरली नसावी.

मी अकरा दिवस गप्प होते. मग सुचलं: आवाज काढायचा नाही असं ठरलंय, लिहायचं नाही असं कुठे ठरलंय? बसून हे सगळं लिहून काढलं आणि ऐटीत तिच्यापुढे टाकलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला, टेबलाच्या ईशान्य कोपऱ्यात ठेवला.

"निबंधाच्या दहा ओळी लिहायला रडायचीस ना गं तू?" ती म्हणाली.

म्हणजे मला लिहितं करायला पैजेतली ही फटही तिने मोजूनच सोडली होती. एकच पैज मी दोनदा हरले.