बिडी बांधून होईपर्यंत

तिसऱ्या बाळंतपणानंतर मी हसणं सोडलं. शिंक आणि खोकला आपल्या हातात नसतात, हसणं असतं. जरा मोकळं हसलं की परकर ओला. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., मुलींच्या शाळेत शिकवणारी. मला हे चालणार नव्हतं.

म्हणून आधी माहेर बंद केलं. माझी माय लकडगंजापलीकडच्या वस्तीत बिड्या वळायची आणि वळता वळता अख्ख्या गल्लीच्या नकला करायची. तिच्यासमोर कोरडं राहणं अशक्य. दोन महिने मी फिरकले नाही, तेव्हा शेजारणीकरवी निरोप आला, "बी.ए.वाल्या बाईले आता बिडीचा वास येते का, विचारजो."

तो टोमणा लागला. तडक रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, लघवी अडवताना जे आवळतो तेच आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं, तेवढाच आराम. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. विद्यापीठाच्या परीक्षा दिलेल्या बाईला यात काय अवघड?

मी हजेरीच्या वेळी सराव सुरू केला. पोट आत ओढून, मध्ये श्वास न घेता दहा नावं घ्यायची. शेवटचं नाव जेमतेम फुटायचं. वर्ग चिडीचूप. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमचं काही चुकलं का?" महिना गेला, फरक शून्य.

शेवटी मायकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, हजेरीसकट. तिचे हात थांबले.

"हे आधी काहून नाही सांगतलं वं? मले वाटलं, तुले माही लाज वाटून राहिली." मग म्हणाली, "मलेही होते. चार लेकरं झाल्यापासून. मी समजो, बाईचं असंच राहते. कर बरं, पाहू दे."

मी करून दाखवलं.

"गाल काहून फुगवते? असा दम कोंडून तं खाली जोर पडते. तंबाखू भरली की आवळ, दोरा बांधला की सोड. अन् तोंड चालू ठेव. बोलता बोलता दम कोंडत नाही."

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "श्वास चालू ठेवा, हे मी सांगितलं होतं. तुम्ही लिहीत होतात."

मग दर रविवारी आम्ही दोघी मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन बसायचो. एरवी घरी मी पोळ्या लाटताना करायचे, तोंड चालू ठेवून. नवरा बिचारा उत्तरं देत बसायचा. माझ्या बिड्या सुटायच्या. माय म्हणायची, "बिडी राहू दे, बाकीचं नीट कर."

चौथ्या महिन्यात एका रविवारी तिनं हजेरी घेणाऱ्या बाईंची नक्कल केली. फुगलेले गाल, वटारलेले डोळे, दहाव्या नावाला गेलेला आवाज. मी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग घाबरून उठले, आत जाऊन परकर चाचपला.

"काय झालं वं?" मायनं बाहेरून विचारलं.

"काही नाही," मी परत येऊन बसले. "पुन्हा कर."