एका फितीत किती कार्डं?

आमच्या कार्डखात्याचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. रजेत गावी आलो की लोक विचारायचे, "मुंबयत काय करतास?" आम्ही खरं सांगायचो, आणि तेवढ्याने किस्सा तयार व्हायचा.

साठ साल उलटून चारेक वर्षं झाली असतील. मी, दत्तू आणि गोपाळ, तिघेही आचऱ्याचे, मुंबईत एका कंपनीत पंचिंग मशीनवर होतो. मशीनची कळ दाबली की जाड कार्डावर त्या अक्षराची भोकं पडायची आणि पुढे मोठं यंत्र ती भोकं वाचायचं. एका कार्डात ऐंशी अक्षरं, एका खोक्यात दोन हजार कार्डं. आमचं कोष्टक एवढंच.

*

त्या मे महिन्यात गोपाळचं लग्न जमवायचंच होतं, कारण कुडाळचं चांगलं स्थळ आधीच हातचं गेलं होतं. त्या मुलीच्या मामाने गोपाळच्या आईला मुलाबद्दल विचारलं, "झील काय करता?"

ती माउली सरळ म्हणाली, "आफिसात बसान भोकां पाडता."

मामा चहा न घेताच उठला. गोपाळचं वय तिशीला टेकलं होतं आणि विहिरीवर बायका त्याच्याकडे बघून हसत, हे त्याला लागायचं.

*

मग दत्तूने गोपाळच्या आईची शिकवणी घेतली. ऐंशी गुणिले दोन हजार, म्हणजे एका खोक्यात एक लाख साठ हजार अक्षरं. आईला आकडा भलताच आवडला. ती वाडीभर सांगत सुटली, "आमचो गोपाळ लाखांनी लिवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातजण कोरे कागद घेऊन अंगणात हजर. कुणाला मामलेदाराकडे अर्ज करायचा होता, कुणाला मुंबईच्या भावाला पत्र. गोपाळने दुपारपर्यंत सगळ्यांचं लिहून दिलं. एवढे कष्ट त्याने ऑफिसात कधी केले नव्हते.

*

लग्न जमावं म्हणून देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव एकेक मागणं म्हणणार आणि आपण मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दत्तूला कुठेही हिशेब सुचायचा. तो गुरवाला म्हणाला, "तुमचा गाऱ्हाणा तीस कार्डांत बसता. 'व्हय म्हाराजा' एकदाच पंच करूचा, बाकीचे धरून चलूचे."

गुरव शांतपणे म्हणाला, "मगे आज प्रसादाक एकटो गोपाळच बसांदेत. बाकीचे जेवले म्हणान धरून चलूया."

*

वालावलीला एका मास्तरांची मुलगी बघायला निघालो. वाटेत पिंगुळीला गाडी चुकली, म्हणून चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या एका म्हाताऱ्या चित्रकथीवाल्याच्या पडवीत टेकलो. आमचं काम ऐकून त्याने सीतेचं एक चित्र उघडून दाखवलं आणि विचारलं, "हेच्यार मी तासभर बोलतंय. ह्या किती कार्डांत रवात?"

दत्तूने डोकं खाजवलं. "आजोबा, आमच्या कार्डार फकत अक्षरां आणि आकडे."

"मगे लिव," म्हातारा म्हणाला, "चित्र एक."

*

पुढच्या गाडीत मी गोपाळला बजावलं, फितीचं नाव काढू नकोस. कंपनीत कार्डांवरचं सगळं उतरवून ठेवणाऱ्या चुंबकीय फितीचं यंत्र येणार असं नुकतंच कळलं होतं आणि आमचे सगळ्यांचे धाबे दणाणले होते.

मास्तर गणिताचे. माणूस सज्जन, पण खोदून विचारणारा. कोकमाचं सरबत झाल्यावर त्यांनी थेट विचारलं, "ही नोकरी टिकतली?"

मी गोपाळचा पाय दाबला. पण खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. तो म्हणाला, "मास्तरांनू, आता फीत येतली. एका खोक्यात दोन हजार कार्डां, तर एका फितीत तीस हजार मावतत."

मास्तरांनी कागद ओढला. "म्हणजे पंधरा खोकी. तुमी दिवसाक किती कार्डां करतास?"

"सहाशे."

"म्हणजे एक फीत म्हणजे एका माणसाचे पन्नास दिवस." मास्तरांनी आकड्याखाली रेघ मारली. "पन्नास दिवसांचा काम एका फितीत मावता, तर तुमका ठेवतले कित्याक?"

गोपाळने सरबताचा पेला खाली ठेवला. दुसरं स्थळही गेलं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला त्याची खरोखर दया आली.

मास्तरांची कमल पेले उचलायला आली होती. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीने बोलायची पद्धत नव्हती. ती वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, गेल्या साली आपण मोठी कणगी हाडली. मगे भात कापूक माणसां कमी लागली काय?"

मास्तरांनी कागदाची घडी केली आणि गोपाळला विचारलं, "मार्गशीर्षात रजा गावतली?"